भरतीच्या वेळची दाढी

४ सप्टेंबर, शुक्रवार

काकूने आज ही वही माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "डोक्यात जे जे येतं ते इथे लिही. मला सांगत बसू नकोस, माझी आमटी करपते." म्हणून लिहितो. माझी शाळा नववीत सुटली, पण ऱ्हस्व-दीर्घ सुटले नाही. त्यामुळे विचार चुकले तरी अक्षरे चुकणार नाहीत.

आज पुन्हा दुकानात पाणी आले. पाऊस नाही, ढग नाही, समोरच्या गच्चीवर कपडे कडक वाळलेले. समुद्र आमच्यापासून दोन गल्ल्या दूर आहे. पण पौर्णिमा-अमावास्येच्या भरतीला तो गटाराच्या जाळीतून वर येतो. आधी बुडबुडे, मग रस्त्यावर चकाकणारा डाग, मग तो डाग आमच्या दाराकडे चालू लागतो. काकांचे केशकर्तनालय रस्त्याच्या सगळ्यात खोलगट वळणावर आहे.

काका तेव्हा निवृत्त पोस्टमास्तरांची दाढी करत होते. पाणी उंबऱ्यावरून आत आले तसे काकांनी खुर्चीची कळ पायाने दाबून खुर्ची वर उचलली आणि म्हणाले, "पोस्टमास्तर, पाय वर घ्या. टपाल आलंय."

"कोणाचं?"

"समुद्राचं. हल्ली पंधरवड्याला येतं."

पोस्टमास्तर म्हणाले की त्यांच्या लहानपणी असे पाणी वर्षातून एखाद्या वेळी यायचे आणि शाळेला सुट्टी मिळायची. "आता सुट्टी द्यायची म्हटली तर शाळाच बंद करावी लागेल."

दोघे हसले. मी मात्र टॉवेल, प्लग, आरशाखालचे कपाट आणि काकांचा गुडघा या चारही गोष्टींची एकदम काळजी करत होतो. काकूने आज मला हे सांगू दिले नाही.

६ सप्टेंबर, रविवार

वाईट बातमी. जेवताना काका म्हणाले, "पाण्यात उभं राहून राहून माझा गुडघा कामातून गेला. शेजारचा टायरवाला गाळा मागतोय. टायर भिजले तर त्याचं काय जातंय?"

मी घास तसाच धरून बसलो.

"ऑक्टोबरच्या मोठ्या उधाणापर्यंत थांबतो," काका म्हणाले. "तोवर तुझ्या हातात वस्तरा बसला, तर दुकान तुझं. नाही बसला, तर टायरवाल्याला हो म्हणून टाकतो. नुसत्या केसांवर दुकान चालत नाही, बाबा. निम्मं गिऱ्हाईक दाढीचं."

हे खरे आहे. कात्री हातात असली की मी कुणाच्या बापाला ऐकत नाही. कानामागची रेघ मी मारावी, असे काकाही म्हणतात. पण वस्तरा उघडला की हात लटपटतो. गिऱ्हाईक ते आरशात बघते आणि आपला गळा हाताने झाकते. काका मला 'मोजपट्टी' म्हणतात, कारण मी सगळे मापात करतो. पण मोजपट्टी थरथरली तर तिचा उपयोग काय?

मी त्या दुकानात वाढलो. आईवडील गेल्यावर काकांनी मला खुर्चीच्या हातांवर फळी टाकून बसवले आणि पहिल्यांदा माझे केस कापले. त्या दिवशी मी रडायचा थांबलो, असे काकू सांगते. तिथे टायर रचलेले माझ्या डोळ्यांसमोर येत नाहीत.

११ सप्टेंबर, शुक्रवार

काकांची शिकवण्याची पद्धत अशी: फुगा फुगवायचा, त्याला साबणाचा फेस लावायचा आणि फुगा न फोडता वस्तऱ्याने फेस काढायचा. फुगा वाचला तर गाल वाचेल.

आज एकही फुगा वाचला नाही. खुर्चीत पोस्टमास्तर वर्तमानपत्र वाचत होते. प्रत्येक आवाजाला ते दचकत. शेवटी म्हणाले, "हे जर माझ्या गालाची तालीम असेल, तर मी आजपासून दाढी वाढवतो."

समोरच्या चष्म्याच्या दुकानातली चष्मेवाली रस्ता ओलांडून धावत आली. "काय झालं? काय फुटलं?"

"याचं नशीब," काका म्हणाले.

ती हसली आणि आलेच आहे तर केस कापून घेते म्हणाली. तिचे केस मी मागच्या आठवड्यातच कापले होते. तिचे केस फार लवकर वाढत असावेत.

१३ सप्टेंबर, रविवार

काकांना वाटले की माझा हात नव्हे, नजर अधू असेल. म्हणून चष्मेवालीकडे पाठवले. तिचे दुकान तीन पायऱ्या उंच आहे, तिथे पाणी पोचत नाही. तिने मला अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवले. मी शेवटची ओळही वाचली आणि तिला दाखवले की त्या ओळीतली दोन अक्षरे छापताना जरा जास्त जवळ आली आहेत.

"डोळे उत्तम आहेत तुमचे," ती म्हणाली. "तरी उद्या परत या. एकदा खात्री करून घेऊ."

"पण उत्तम आहेत ना?"

"म्हणूनच."

तिचे यंत्र बिघडले असावे आणि सांगायला तिला संकोच वाटत असावा. मी जाईन. गरिबाला नावे ठेवू नयेत.

१६ सप्टेंबर, बुधवार

मला उपाय सुचला आहे! वस्तरा हातात आला की माझे लक्ष दाराकडे जाते, हे माझ्या ध्यानात आले. पाणी येईल का, आले तर प्लगपर्यंत चढेल का, हेच मनात घोळत राहते. म्हणजे पाणी बंद झाले की भीती बंद, भीती बंद झाली की हात स्थिर. गवंड्याला बोलावून दारात गुडघाभर उंच पक्की भिंत बांधून घेतली. वर सिमेंट इतके गुळगुळीत घोटून घेतले की त्यात तोंड दिसावे.

काकांनी दुखरा पाय उचलून भिंत ओलांडली आणि एक शब्द उच्चारला. तो शुद्ध कसा लिहितात मला माहीत आहे, पण लिहीत नाही. पोस्टमास्तरांना मी आणि गवंड्याने दोन्ही काखांत धरून आत उतरवले.

"अरे वा, किल्लाच बांधलात," चष्मेवाली समोरून ओरडली.

आज मला शांत झोप लागणार.

१९ सप्टेंबर, शनिवार

काय लिहू?

आज अमावास्येची भरती. दुपारी पाणी आले आणि भिंतीला येऊन थांबले. बाहेर रस्ता भरलेला, आत फरशी कोरडी ठणठणीत. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. टायरवालाही बघायला आला आणि त्याचे तोंड उतरले. मी त्याला भिंतीची रुंदी समजावून सांगत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला. गुड गुड गुड.

आमच्या बेसिनखाली मोरी आहे. मोरीचा नळ रस्त्याच्या गटारात जातो. म्हणजे समुद्राला पुढचे दार बंद दिसले, तसा तो मागच्या दाराने आला. जाळीतून काळे पाणी उसळले आणि बघता बघता फरशी बुडाली. भिंत जशीच्या तशी. तिने पाणी चोख अडवले. फक्त आतले.

ओहोटी लागली. रस्ता रिकामा झाला, शेजारचे टायर वाळायला लागले आणि आम्ही आत घोट्यापर्यंत पाण्यात उभे. मोरी गाळाने तुंबली होती, त्यामुळे पाणी जाईना. सगळी गल्ली भिंतीपलीकडे जमली. पोस्टमास्तर म्हणाले, "समुद्र केव्हाच निघाला बिचारा, तुम्हीच त्याला सोडेनात!"

चष्मेवाली दोन बादल्या घेऊन भिंत चढून आत आली आणि माझ्याबरोबर पाणी उपसू लागली. मी आधीच मेन स्विच पाडला होता, टॉवेलांचा गठ्ठा माळ्यावर टाकला होता, वस्तऱ्यांची पेटी, पावडरीचे डबे, अत्तराच्या नाजूक बाटल्या एकेक करून वरच्या फळीवर नेऊन ठेवल्या होत्या. एकही पडली नाही. काका मात्र मदत करायची सोडून माझ्याकडे टक लावून उभे होते.

"काय झालं, काका?"

"काही नाही. चालू दे तुझं."

थोड्या वेळाने म्हणाले, "जरा हात दाखव बघू." मला वाटले कापले-बिपले की काय. त्यांनी माझा पंजा आपल्या हातात धरला, उलटा केला, सुलटा केला, म्हणाले, "हं!" आणि शीळ घालायला लागले. माझी भिंत फसली, दुकानाची अब्रू गेली आणि काका शीळ घालतात. धक्क्याने माणसाचे असे होते म्हणे.

२० सप्टेंबर, रविवार

गवंडी आला. बांधताना गंभीर होता, पाडताना हसून हसून त्याच्या हातातून हातोडा दोनदा निसटला.

काका म्हणाले, "अरे, पाणी येणारच. ते ना तुझ्या काकाचं ऐकतं, ना तुझ्या भिंतीचं. आलं तर येऊ दे, फक्त जाताना त्याला वाट मोकळी ठेव." मग आम्ही मोरीतला गाळ काढला, तिला भरतीला लावायचा आणि ओहोटीला काढायचा लाकडाचा बोळा बसवला, प्लग खांद्याच्या उंचीवर नेले, खालचे कपाट काढून वर फळ्या ठोकल्या. मी स्वतःसाठी गमबूट आणले. काकांसाठीही आणत होतो. ते म्हणाले, "मला नकोत. मला लागणार नाहीत."

ते असे का म्हणाले असतील, या विचाराने जेवण गेले नाही. दुकान टायरवाल्याला देण्याचे त्यांनी मनाशी ठरवलेच असणार.

२४ सप्टेंबर, गुरुवार

चष्मेवाली पुन्हा केस कापायला आली. यावेळी मला शंका आली म्हणून मी कंगव्याच्या दात्यांनी माप घेतले. केस वाढलेच नव्हते. आता हे तिला कसे सांगायचे? तिला वाईट वाटेल. मी बराच वेळ तिच्या केसांच्या टोकाशी नुसती हवेत कात्री चालवली. ती आरशातून माझ्याकडे बघत होती.

"किती हलक्या हाताने कापता तुम्ही," ती म्हणाली.

मला फार अपराधी वाटले.

रात्रीच्या जेवणाला काकूने विचारले, "कशी आहे रे ती मुलगी?" मी म्हणालो, "केस सरळ आहेत. डावा कान उजव्यापेक्षा किंचित वर आहे." काकूने कपाळावर हात मारला. डावा कान वर असणे इतके काही वाईट नसते.

२९ सप्टेंबर, मंगळवार

आज सकाळी काकांनी स्वतःचा गाल पुढे केला. दुकान कोरडे, भरती नाही, सगळे शांत. मी वस्तरा उघडला. दाराकडे बघितले, बोळ्याकडे बघितले, आभाळाकडे बघितले. हात थरथरू लागला. काकांनी अलगद वस्तरा काढून घेतला आणि आरशात बघून स्वतःच दाढी उरकली. रागावले असते तर बरे वाटले असते.

दुपारी टायरवाला टेप घेऊन गाळा मोजायला आला. टेप तिरका धरत होता, म्हणून मी दुसरे टोक सरळ धरून दिले आणि त्याला बरोबर माप मिळाले. तो गेल्यावर मला कळेना की मी त्याला मदत का केली.

उधाण शनिवारी आहे.

३ ऑक्टोबर, शनिवार

सगळे नीट क्रमाने लिहितो, नाही तर माझाच विश्वास बसणार नाही.

बंदराच्या फळ्यावर लिहिले होते की आज वर्षातली सर्वांत मोठी भरती. मी म्हणालो, "काका, आज दुकान बंद ठेवू." काका म्हणाले, "छे! आजच उघडायचं." वर्षानुवर्षे इतक्या उत्साहात त्यांना पाहिले नव्हते.

पाणी यायच्या जरा आधी पोस्टमास्तर आले. अर्धी चड्डी घालून, चपला पिशवीत. मी त्यांना सांगितले की आज उधाण आहे.

"असं होय? माझ्या लक्षातच नाही आलं," ते म्हणाले. ते रोज सकाळी बंदराचा फळा वाचून मग घरी जातात. म्हातारपणी विसरायला होते.

काकांनी त्यांना कापड बांधले, फेस लावला, उजवा गाल चकाचक केला. मग वस्तरा पुसून माझ्या हातात दिला. "धर. चहा सांगून येतो."

"चहावाला येतोच की आता."

"त्याला साखर कमी सांगायची राहिली." आणि त्या दुखऱ्या गुडघ्याने काका असे झपाझप रस्ता ओलांडून गेले की मी बघतच राहिलो.

ते पलीकडे पोचले न पोचले तोच जाळीतून पाणी उसळले. हां हां म्हणता रस्ता भरला. काका चष्मेवालीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, हातात चहाचा ग्लास. तो त्यांना इतक्या लवकर कसा मिळाला कोण जाणे.

"काका, या ना!"

"कसा येऊ? माझा गुडघा!"

इकडे पोस्टमास्तर, एक गाल गुळगुळीत, एक गाल पांढरा. "माझ्याकडे बघू नकोस," ते म्हणाले. "असाच घरी गेलो तर बायको दार उघडणार नाही. फेस वाळतोय."

मी कळ दाबून खुर्ची वर घेतली. पाणी गमबुटाच्या घोट्यापर्यंत आले, मग पोटरीपर्यंत. मी सवयीने एकेक गोष्ट तपासू लागलो. मेन स्विच, बंद. प्लग, उंचावर. टॉवेल, माळ्यावर. मोरीला बोळा. पेटी, फळीवर. पुढे काय? पुढे काही नव्हते. ज्याची भीती वाटायची ते आलेच होते आणि माझ्या पायांशी उभे होते. आता कशाची वाट बघायची?

डोक्यात फार शांत झाले. फक्त पाण्याचा पचक पचक आवाज. मी पोस्टमास्तरांची कातडी दोन बोटांनी ताणली आणि वस्तरा कानाजवळून खाली आणला. नंतर हनुवटीखाली. नंतर ओठांवरची अवघड जागा. हात हलत होता तो मी हलवला तेवढाच. मध्येच एक घरघर ऐकू आली, मी दचकून मोरीकडे बघितले. बोळा जागेवर होता. पोस्टमास्तर घोरत होते.

तुरटी फिरवली. लाल ठिपका नाही. एकसुद्धा नाही.

समोरून टाळ्या आल्या. चष्मेवाली पायरीवर उड्या मारत ओरडत होती, "जमलं तुला! जमलं!" ती मला नेहमी अहो-जाहो करते. आनंदाच्या भरात चुकली असेल, मी दुरुस्त केले नाही. तिच्या शेजारी काका मान खाली घालून चष्मा पुसत होते. काकांना चष्मा नाही. तो तिच्या दुकानातला होता.

पोस्टमास्तर जागे झाले, गालावरून हात फिरवला आणि म्हणाले, "काकाला सांग, त्याने केलेला उजवा गाल जरा खरखरीत राहिलाय."

६ ऑक्टोबर, मंगळवार

काकांनी टायरवाल्याला नाही सांगितले. मला आनंद झाला आणि लगेच काळजी लागली. मी म्हणालो, "काका, पण पोस्टमास्तर म्हणतात पाणी दरवर्षी थोडं थोडं वर येतंय. पुढे काय करायचं?"

"पुढे फळ्या आणखी वर ठोकायच्या. त्याच्याही पुढे सगळं उचलून वरच्या रस्त्याला न्यायचं. खुर्ची तुझी, वस्तरा तुझा, गिऱ्हाईक तुझं. मग दुकान कुठे का असेना! समुद्र वाढतोय म्हणून लोकांच्या दाढ्या वाढायच्या थांबल्यात का?"

हे मला पटले. पण दुपारी एक नवे गिऱ्हाईक दाढीला बसले. बाहेर रखरखीत ऊन, रस्ता कोरडा. वस्तरा उघडला आणि हात परत थरथरू लागला. पाणी नव्हते ना! म्हणजे ते अजून यायचे होते.

काका बाकावरून बघत होते. ते रस्त्यापलीकडे बघून नुसते खाकरले. चष्मेवाली धुण्याचा टब घेऊन आली. काठोकाठ भरलेला, तिच्या ओढणीवर सांडत. तिने तो खुर्चीमागे ठेवला.

"पाय घाल."

मी गमबुटांसकट टबात उभा राहिलो. हात थांबला. गिऱ्हाईक आरशात बघून घाबरले. "हे काय चाललंय?"

"नवीन पद्धत आहे," काका म्हणाले. "हात थंड राहतो."

दाढी फार छान झाली. जाताना त्याने स्वतःच्या दुकानात करून बघायला टब कुठे मिळतो ते विचारले. तो शिंपी आहे.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

आता रोज दाढ्या करतो. काका बाकावर बसून गुडघा शेकतात आणि येणाऱ्याला सांगतात, "मी मालक आहे. कारागीर तो." चष्मेवाली सकाळी दुकान उघडायच्या आधी टब भरून ठेवते. मी बघतही नाही, गमबुटांसकट सरळ आत पाय ठेवतो, कारण माझी नजर गालावर असते.

आज तीन दाढ्या लागोपाठ झाल्या. तिसऱ्या गिऱ्हाइकाचा रुमाल टबात पडला. मी वाकून उचलला. रुमाल कोरडा होता. टबही कोरडा होता. तळाला धूळ होती.

मी रस्ता ओलांडून तिच्याकडे गेलो. "आज पाणी घालायचं राहिलं."

"राहिलं नाही," ती म्हणाली. "रोज एक तांब्या कमी करत होते. सोमवारपासून घातलंच नाही."

मी पायरीवर तसाच उभा राहिलो. मग पंजा डोळ्यांसमोर धरून बघितला. स्थिर. मी तिचे आभार मानले आणि म्हणालो की आता टबाची गरज नाही, लगेच आणून देतो.

ती घाईघाईने म्हणाली, "नको, राहू दे तुझ्याकडेच. मी येत जाईन बघायला."

धुण्याचा टब नसताना ती कपडे कशात भिजवत असेल? कदाचित संकोचाने मागत नसेल. उद्या आठवणीने घासून पुसून परत केला पाहिजे. काकूला हे सांगितले तर ती म्हणाली, "तू तो टब परत करून बघच, तुला या घरात जेवायला वाढणार नाही." काकू इतकी का चिडली ते कळले नाही. टब तर तिचा नव्हता.